पोपटांसाठी पेट्या लावायच्यात, सुरुवात कुठून करावी? (ठाणे, घोडबंदर रोड)

घोडबंदर_पक्षीगट

नमस्कार मंडळी,

घोडबंदर रोडवरच्या तीन सोसायट्यांमधल्या पक्षीनिरीक्षकांचा आमचा गट आहे, एकूण १४ जण. संकटात असलेल्या पोपटांसाठी काहीतरी ठोस करावं असं ठरलंय. नुसती पोस्टर लावून थांबायचं नाही. गटाकडे ३० हजार रुपये जमलेत आणि महिन्याला चार रविवार देता येतील.

सध्या तीन कल्पना पुढे आहेत. एक, सोसायट्यांच्या आवारात आणि येऊरच्या पायथ्याच्या रस्त्यावर ३० घरटीपेट्या लावायच्या. दोन, बाल्कन्यांमधून सूर्यफुलाच्या बिया ठेवायचे फीडर. तीन, उरलेले पैसे परदेशातल्या एखाद्या पोपट-संवर्धन संस्थेला द्यायचे.

आमच्याकडे कीर पोपट रोज दिसतात, पहाडी पोपट अधूनमधून, येऊरच्या बाजूला टोई पोपटही. यांतला संकटात नेमका कोण आणि आमच्या कामाचा त्याला खरंच उपयोग होईल का? पेटीची मापं, जागा आणि काय चुकतं तेही सविस्तर सांगा.

---

ढोली_वाचवा

आधी कोण कुठे आहे ते बघू. कीर पोपट, म्हणजे आपला नेहमीचा राघू, धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत (आययूसीएनची लाल यादी) धोक्यात नाही. टोईही नाही. पहाडी पोपट मात्र ‘संकटसमीप’ गटात आहे. त्याची मोठी लाल चोच, खांद्यावरचा गडद लाल पट्टा आणि शेपटीसकट सुमारे दोन फुटांची लांबी लक्षात ठेवा. कीर पोपट दीड फुटाच्या आतबाहेर असतो आणि त्याच्या खांद्यावर लाल काही नसतं. गळ्याचा कंठ बघून ओळखायला जाऊ नका. तो फक्त प्रौढ नराला असतो, मादीला आणि पिल्लांना नसतो. खांद्याचा पट्टा मात्र पहाडी मादीलाही असतो.

पहाडी पोपट कमी होण्याची दोन मोठी कारणं: जुनी पोकळ झाडं तुटतात आणि घरट्यातून पिल्लं काढून विकली जातात. दोन्ही एकाच जागी घडतं, ढोलीपाशी. पोपट स्वतः पोकळ कोरत नाही. सुतार पक्ष्यानं किंवा तांबटानं केलेलं भोक, नाहीतर फांदी मोडून कुजलेली जागा तो चोचीनं मोठी करतो. कीर पोपट चार ते सहा अंडी घालतो, पहाडी दोन ते चार. साधारण सव्वातीन आठवडे उबवणी आणि नंतर सहा-सात आठवडे पिल्लं आत. म्हणजे एकेक ढोली जवळजवळ अडीच महिने अडकलेली असते, आणि आपल्याकडे हा काळ डिसेंबर ते मे यातच येतो. चांगली ढोली वर्षानुवर्षं वापरली जाते. ती गेली की जोडी दुसऱ्या झाडावर जाते असं गृहीत धरू नका, कारण दुसरी ढोली बहुधा आधीच मैना, पिंगळा किंवा मधमाश्यांनी घेतलेली असते.

म्हणून माझं स्पष्ट मत: ३० पेट्यांच्या आधी ३० ढोल्यांची नोंद करा. नोव्हेंबरमध्ये ५ ते १२ तारखेला महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, तेव्हाच सुरुवात करा. जोड्या तेव्हा भोकं तपासत हिंडू लागलेल्या असतात. प्रत्येक जुन्या झाडाला एक क्रमांक द्या. झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर, भोकाची जमिनीपासून उंची, भोकाचं तोंड कुठल्या दिशेला, आणि महिन्यातून दोनदा कोण आत-बाहेर करतं, इतकं पुरे. रेन ट्री, वड, पिंपळ, आंबा, जुना गुलमोहर आणि शेंडा मोडलेले माड यांच्याकडे आधी बघा.

ढोली वापरात आहे हे ओळखायला झाडावर चढायचं नाही. सकाळी साडेसहा ते साडेआठ, झाडापासून २०-२५ मीटरवर, आडोशाला अर्धा-पाऊण तास उभं राहा. भोकाच्या कडेला ताजं पिवळट लाकूड दिसणं, खाली ओला लाकडाचा भुसा, मादीनं नुसतं डोकं बाहेर काढून बसणं आणि नरानं येऊन तिला भरवणं या खुणा. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा काठीला बांधून आत घालण्याचा मोह अनेकांना होतो. उबवणीच्या दिवसांत तो आत गेला की मादी बिथरून उडते, अंडी थंड पडतात. कॅमेरा हवाच असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, ढोली रिकामी असताना तिची खोली मोजण्यापुरता वापरा.

फीडरचा विचार सोडून द्यावा असं मला वाटतं. ठाण्यात फीडरवर आधी कबुतरं येतात, मग उंदीर, मग सोसायटीची नोटीस. शिवाय एकाच भांड्यात अनेक पोपट चोच घालतात तेव्हा पिसं झडवणारा आणि चोच विद्रूप करणारा विषाणू विष्ठेतून आणि पिसांच्या कोंड्यातून पसरतो. तोच पैसा उंबर, जांभूळ, सावर, पळस, पांगारा, विलायती चिंच यांच्या रोपांना लावा. सावर-पळसाचा मध पोपट फेब्रुवारी-मार्चमध्ये चाटतात, आणि पिल्लं भरवायचे दिवसही तेच.

---

पेटीकार_नेरूळ

वरच्या मताशी सहमत. तरीही थोड्या पेट्या लावाव्यात, कारण नवीन वसाहतींत जुनं झाडच नसतं. पण ३० नाही, पहिल्या वर्षी सहा. सहा पेट्यांची देखभाल १४ माणसांकडून होते. तीसची होत नाही, आणि देखभाल नसलेली पेटी म्हणजे मधमाश्यांचं पोळं नाहीतर कुजलेली फळी कुणाच्या तरी डोक्यावर.

कीर पोपटासाठी आतली जागा २२ × २२ सेंमी, उंची ५० सेंमी. भोक ७.५ सेंमी व्यासाचं, त्याचा मध्य तळापासून ३८ सेंमीवर. पहाडीसाठी आतली जागा ३० × ३०, उंची ६५ ते ७० आणि भोक १० सेंमी. सहापैकी दोन पेट्या पहाडीच्या मापाच्या करा आणि त्या येऊर-मानपाड्याच्या बाजूला लावा. घोडबंदर रोडच्या वर्दळीला लागून लावलेली मोठी पेटी बहुधा मैनाच घेतील.

लाकूड १८ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्का असलेला. साधा कमर्शियल प्लाय आपल्या पावसात एका हंगामात सुटतो. कीर पोपटाच्या मापाच्या तीन पेट्या ८ × ४ फुटांच्या एका शीटमधून आरामात निघतात. छपराला पुढे निदान ५ सेंमी पागोळी हवीच. मागची फळी ७० सेंमी लांब ठेवा, म्हणजे वर-खाली १०-१० सेंमी बांधायला मिळतात. छप्पर पुढच्या बाजूला उतरतं. तळाला ६ मिमीची पाच भोकं, कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. कापून झाल्यावर फळ्या दोन-तीन आठवडे उघड्यावर वाऱ्याला ठेवा, गोंदाचा वास गेला पाहिजे. रंग फक्त बाहेरून, फिकट मातकट. आतून काहीही नाही.

आता चुका. पहिली, आत चढायला जाळी मारणं. गॅल्व्हनाइज्ड जाळी पोपट चावतो आणि जस्ताची विषबाधा होते, पिल्लांची नखंही अडकतात. त्याऐवजी पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला करवतीनं ३ मिमी खोल आडव्या खाचा पाडा, दर ३ सेंमीवर, तळापासून भोकापर्यंत. खाचा नसतील तर गुळगुळीत प्लायवरून पिल्लाला भोकापर्यंत पोचताच येत नाही, आत उपासमार होते.

दुसरी, तळाला काहीच न घालणं किंवा बारीक भुसा घालणं. पोपट काड्या आणत नाही, नुसत्या तळावर अंडी घालतो. मोकळ्या प्लायवर अंडी गडगडतात, पिल्लांचे पाय फाकतात. बारीक भुसा ओल धरून घट्ट बसतो. सुताराकडून रंध्याच्या जाड छिलक्या आणा, ६ ते ८ सेंमी थर. सागाच्या किंवा रसायन मारलेल्या लाकडाच्या नकोत. आंब्याच्या चालतात.

तिसरी, दिशा. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, भोकाचं तोंड पूर्व किंवा ईशान्येला करा. दुपारचं ऊनही चुकतं.

चौथी, झाडाला खिळे. जुन्या जखमेतून बुरशी शिरते. पेटी भरली की आठ-नऊ किलोची होते, म्हणून खोडाला ५ सेंमी रुंद नायलॉनचा पट्टा आणि त्याखाली जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा. दर ऑक्टोबरला पट्टा सैल करायचा, खोड वाढतं. स्क्रू ३०४ ग्रेड स्टेनलेसचे. नेरूळ, सीवूड्स, कोपरी असा खाडीकाठ असेल तर साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून सुटतात.

उंची पाच ते सहा मीटर, खाली बाक किंवा पार्किंग नसावं. चढायला शिडी पुरते असं समजू नका. झाडकाम करणारा प्रशिक्षित माणूस दोरासकट बोलवा. पैशांचा मोठा वाटा इथेच जाईल आणि तो जाऊ द्या.

ऑक्टोबरअखेर पेटी लावून व्हायला हवी. साफसफाई वर्षातून एकदाच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आधी आतलं सगळं पाण्यानं ओलं करा, मग खरवडा, तोंडाला मास्क हवा. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला फुप्फुसाचा संसर्ग होतो. पेटीत पिंगळा, दयाळ किंवा मैना आली तर राहू द्या, हाकलायचं नाही. मधमाश्या बसल्या असतील तर त्यांना हलवणारा जाणकार गाठा. रॉकेल, धूर असले उपाय करू नका.

---

घोडबंदर_पक्षीगट

दोघांचेही खूप आभार. फीडर रद्द, पेट्या सहा.

एक तातडीचा प्रश्न. आमच्या एका सोसायटीच्या कुंपणाला लागून जुना रेन ट्री आहे. एक मोठी फांदी पूर्ण वाळलीये, बाकी झाडालाही पांढऱ्या पिठ्या ढेकणांनी धरलंय. तळाशी पेव्हर ब्लॉक खोडाला भिडलेत. सुमारे सात मीटरवर मोठी ढोली आहे आणि गेल्या आठवड्यापासून कीर पोपटाची मादी आत बसलेली दिसते. कमिटी म्हणते, पावसाळ्याआधी झाड तोडायचं, गाड्यांवर पडेल. कमिटीचं म्हणणं अगदी चूकही नाही. काय करावं?

---

झाडपाहणी_ठाणे

कमिटीशी भांडू नका, त्यांची भीती खरी आहे. त्यांना ‘तोडू नका’ एवढंच सांगितलं तर ते ऐकणार नाहीत. ‘असं करा, गाड्या सुरक्षित राहतील’ हे सांगावं लागेल.

आधी कायद्याची बाजू. महानगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडायला किंवा मोठी छाटणी करायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड खासगी आवारात असलं तरी. हे महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांपेक्षा जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानतात आणि त्याच्या तोडीसाठी अटी अधिक कडक आहेत. तेव्हा झाडाचं वय अर्जात लिहायला लावा. दुसरं, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये कलम २(१६) खाली पक्ष्याची अंडी किंवा घरटं बिघडवणं, त्यांना त्रास देणं हेसुद्धा शिकारीतच धरलंय आणि कलम ९ नं शिकारीला बंदी आहे. चालू घरट्याचं झाड कापणं म्हणजे फक्त पालिकेचा प्रश्न राहत नाही.

पत्र दोन ठिकाणी द्या: पालिकेचा उद्यान व वृक्ष विभाग आणि वनविभागाचं परिक्षेत्र कार्यालय. पत्रात चार गोष्टी: झाडाची जागा आणि त्यावरचा पालिकेचा क्रमांक असल्यास तो, ढोलीचा तारीख दिसणारा फोटो, मादी पहिल्यांदा आत बसलेली दिसली ती तारीख, आणि मागणी. मागणी ‘झाड वाचवा’ इतकी मोघम नको. ‘पिल्लं उडेपर्यंत, म्हणजे अमुक तारखेपर्यंत, ढोली असलेला खोडाचा भाग न कापता फक्त धोकादायक फांद्या उतरवाव्यात’ असं लिहा. तारीख काढायची रीत सोपी. मादी बसल्यापासून १० आठवडे, वर एक आठवडा जास्तीचा. प्रत्येक पत्राची पोच शिक्क्यासकट घ्या.

झाडाचं काम असं करता येतं. वाळलेली फांदी वरून तुकड्या-तुकड्यानं, दोरानं बांधून उतरवायची, एकदम पाडायची नाही. फांदी खोडाला जिथे फुगीर जोडलेली असते त्या कड्याच्या जरा बाहेर कापायचं. खोडाला चिकटून सपाट कापलं की जखम भरत नाही. मोठ्या फांदीला तीन काप: आधी खालून एक तृतीयांश, मग जरा पुढे वरून पूर्ण, शेवटी उरलेला ठोंब. नाहीतर फांदी आपल्याच वजनानं साल सोलत खाली येते. कटर मशीन ढोलीपासून निदान पाच मीटर लांब, कामाचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत, आणि नर भरवायला येतो त्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा टाळून.

पेव्हर ब्लॉक आजच काढा. खोडाभोवती एक मीटर माती मोकळी करा, वर शेणखत आणि पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडाला न भिडणारं. पिठ्या ढेकणांसाठी मुंग्यांची ये-जा आधी तोडावी लागते, कारण मुंग्याच त्यांना फांदी-फांदीवर नेतात. चालू घरटं असताना झाडावर कुठलंही कीटकनाशक फवारू नका, नीमतेलसुद्धा नाही. फवारणी पिल्लं उडाल्यावर.

आणि झाड खरंच मेलेलं निघालं तर? तरीही मुळापासून तोडायची घाई नको. हंगामानंतर सगळ्या फांद्या उतरवून ढोलीच्या वर मीटरभर अंतर सोडून खोड उभं ठेवता येतं. वाऱ्याला अडवणारा पसारा गेला की पडण्याचा धोका बराच कमी होतो. खोडावर हातोडीनं ठोकून आवाज ऐका. तळाशी चहूबाजूंनी ढब्ब आवाज येत असेल किंवा बुंध्याला बुरशीच्या छत्र्या असतील तर मात्र खोडही ठेवू नये. तिथे माणसाचा जीव आधी. अशा वेळी ढोली असलेला ओंडका कापून शेजारच्या मजबूत झाडाला बांधता येतो. त्याला वर झाकण आणि खाली पाण्याची भोकं करायला विसरू नका.

पुढच्या वर्षीपासून कमिटीला छाटणीचा अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी करायला लावा. एप्रिल-मेची पावसाळीपूर्व छाटणी नेमकी भरल्या घरट्यांवर येते.

---

पारसिक_टेकडी

चोरीबद्दल कुणी फार लिहिलं नाही, म्हणून.

पिल्लं काढणारा माणूस ढोली शोधत हिंडत नाही. त्याला कुणीतरी दाखवतं. हल्ली ते काम आपले फोटोच करतात. ‘येऊर, अमुक बंगल्यामागचा वड, पहाडी पोपटाची जोडी’ असा फोटो समाजमाध्यमावर टाकला की झालं. तेव्हा गटात नियम करा: घरट्याचा फोटो उघड ठिकाणी नाही, हंगाम संपेपर्यंत तर नाहीच. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना स्थान ‘धूसर’ करण्याची सोय आहे, ती वापरा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी हंगामानंतर टाका, किंवा ढोलीच्या झाडाऐवजी मोठ्या परिसराच्या हॉटस्पॉटवर (तिथल्या सामाईक ठिकाणावर) नोंदवा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात जीपीएस बंद ठेवा, कारण मूळ फोटो पाठवला की त्यात अक्षांश-रेखांश जातात. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फोटोतही ते तसेच राहतात. आणि तुमची ३० ढोल्यांची यादी १४ जणांच्या ग्रुपवर नको, दोघांकडेच ठेवा.

झाडाजवळच्या खुणा: खोडात ठोकलेले बांबूचे किंवा लोखंडी खुंटे, सालीवर ताजे घासल्याचे पट्टे, भोकाचं तोंड कोयत्यानं रुंद केलेलं. असं दिसलं तर फोटो काढून लगेच वनविभागाला कळवा. राज्याची वन मदतवाहिनी १९२६. फोनवर जागा, वेळ, काय दिसलं, माणसं आहेत की गेली, एवढंच नेमकं सांगा आणि तक्रार क्रमांक मागा.

विक्री दिसली तर (फेब्रुवारी ते मे, खोक्यात नाहीतर टोपलीत कापडाखाली, पिसं न आलेली गुलाबी पिल्लं) तिथे वाद घालू नका. विक्रेता पळतो आणि पिल्लं गटारात जातात. दया येऊन विकतही घेऊ नका. तुम्ही पाचशे दिले की त्याच्यासाठी ती विक्रीच, उद्या तो आणखी दोन ढोल्या रिकाम्या करील. लांबून फोटो, गाडीचा क्रमांक, वेळ आणि फोन. ऑनलाइन जाहिरात असेल तर पानाचा पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट तारखेसह, आणि जाहिरातीखाली काही लिहू नका, सावध होऊन तो ती काढून टाकतो.

देशी पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं तिन्ही गुन्हे आहेत, पोपट कीर असो की पहाडी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सोसायटीच्या फलकावर हे एवढंच, मोठ्या अक्षरात लावा. पिंजऱ्यातला मिठू हा गुन्हा आहे हेच ठाण्या-पनवेलच्या असंख्य घरांत माहीत नाही.

---

पक्षीवैद्य_पनवेल

हंगामात तुमच्या गटाकडे पिल्लं येणार हे धरूनच चाला. म्हणून आत्ताच तयारी ठेवा: झाकणाचा पुठ्ठ्याचा खोका, ३० × २० सेंमीचा, बाजूला पेन्सिलीएवढी दहा-बारा भोकं, सुती पंचा, गरम पाण्याची पिशवी, थर्मामीटर, जाड टॉवेल.

खाली पडलेलं पिल्लू पूर्ण पिसांचं, पकड घट्ट आणि रक्त नसेल तर त्याला जवळच्या फांदीवर, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा आणि लांब जाऊन दोन तास बघा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकतात, हे खरं नाही. पिसं अर्धवट असतील आणि ढोली सापडली असेल तर झाडकाम करणाऱ्याकडून परत आत. उघडं, गुलाबी पिल्लू असेल आणि ढोली नष्ट झाली असेल तरच खोका.

खोक्यात गरम पाण्याची पिशवी पंच्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे पिल्लाला नको वाटल्यास सरकता येईल. उघड्या पिल्लाला ३५-३६ अंश, पिसं फुटलेल्याला २८-३०. थंड पिल्लाला आधी ऊब, मगच अन्न. अंग गार असताना पोटात गेलेलं अन्न पचत नाही, गळ्याखालच्या पिशवीतच आंबतं. चोचीत ड्रॉपरनं पाणी घालू नका, श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच उघडतं आणि पाणी थेट फुप्फुसात जातं. दूध-पाव, भिजवलेली बिस्किटं, वरणभात यांतलं काहीच नको. ऊब द्या, अंधार करा आणि १९२६ वर फोन करून वनविभाग सांगेल त्या बचाव केंद्रात पोचवा. घरी एकट्यानं वाढवलेल्या पिल्लाला आपण पोपट आहोत हे कळतच नाही, केंद्रात ते इतर पिल्लांबरोबर वाढतं.

मांज्यात अडकलेला पोपट: दोरा ओढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कापायचा आणि जखमेतला तुकडा तसाच ठेवून डॉक्टरांकडे न्यायचा. टॉवेल डोक्यावरून टाकून धरा, छातीवर दाब नको. पक्ष्याला श्वास घ्यायला छाती हलावी लागते.

पाळलेला देशी पोपट सोडून द्यायचाय असे फोनही तुम्हाला येतील. ‘सोडून द्या’ असं कधीही सांगू नका. पंख कापलेला पोपट कावळ्यांच्या तावडीत तासाभरात सापडतो. उडता येत असलं तरी अन्न शोधणं आणि घारीला ओळखणं त्याला येत नाही, शिवाय पिंजऱ्यातले रोग तो थव्यात नेतो. लेखी अर्जासह वनविभागाच्या ताब्यात द्यायला सांगा, पोच घ्यायला सांगा. कापलेली पिसं पुढच्या पिसगळतीतच नव्यानं येतात, त्याला कित्येक महिने लागतात. मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव, तपासण्या आणि मग थव्याबरोबर सोडणं हे केंद्राचं काम आहे. काही पक्षी कधीच सोडण्याजोगे होत नाहीत, त्यांना तिथेच सांभाळतात.

---

दूरदेशीचे_पोपट

परदेशी देणगीबद्दल. तिचा उपयोग नाही असं मुळीच नाही. मॉरिशसचा एको पोपट बघा, आपल्या कीर पोपटाचा अगदी जवळचा भाऊ. १९८० च्या दशकात रानात दहाच्या आसपास उरले होते. घरटीपेट्या, ढोल्यांची दुरुस्ती, उंदीर-माकडांपासून राखण आणि पिंजऱ्यात वाढवून सोडलेली पिल्लं यांवर आज ते शेकड्यांत आहेत. पण तिथेही पुढे चोचीपिसांच्या त्या विषाणूची साथ आली, म्हणून वर फीडरबद्दल जे लिहिलंय ते गांभीर्यानं घ्या. आणि मॉरिशसमध्ये त्याच्या ढोल्या बळकावणारा पक्षी कोण, तर माणसांनी नेऊन सोडलेला आपला कीर पोपट! पोर्तो रिकोचा पोपट १९७५ मध्ये रानात १३ उरला होता, न्यूझीलंडचा काकापो १९९५ मध्ये ५१. दोघेही हरवले नाहीत, कारण एकेका घरट्यावर माणसं बसली. ब्राझीलचा स्पिक्स मकाव २०१९ मध्ये रानातून नामशेष जाहीर झाला आणि जून २०२२ मध्ये पिंजऱ्यात वाढवलेले आठ पक्षी पुन्हा रानात सोडले गेले.

द्यायचंच असेल तर वर्ल्ड पॅरट ट्रस्टसारखी फक्त पोपटांवर काम करणारी संस्था निवडा आणि पैसे कुठल्या कामासाठी आहेत ते नमूद करा. पण ३० हजारांतले फार तर पाच. बाकीचे इथे.

त्याहून मोठं काम तुमच्या सोसायट्यांमध्येच आहे. तिथे आफ्रिकन ग्रे आणि सन कॉन्युअर हे परदेशी पोपट पाळणारे नक्की असतील. दोन्ही जाती त्यांच्या मूळ रानात संकटग्रस्त आहेत. ग्रे पोपटाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१६ च्या निर्णयानंतर सर्वांत कडक यादीत गेला. भारतात २०२४ च्या नियमांनुसार अशा जातींची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, नवा पक्षी घेतला तर ३० दिवसांच्या आत. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा नेहमीचा लव्हबर्ड यांना ही नोंदणी लागत नाही. कुणी घ्यायच्या तयारीत असेल तर त्याला तीन गोष्टी मागायला सांगा: बिल, विकणाऱ्याची परिवेश नोंदणी आणि पायातल्या सांधा नसलेल्या बंद कडीचा क्रमांक. बंद कडी पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं असेपर्यंतच पायात जाते, मोठ्या पक्ष्याला घालता येत नाही. उघडून दाबलेली कडी किंवा कडीच नसणं म्हणजे पक्षी कुठल्या रानातून आला ते सांगता येत नाही, आणि मग तो घेऊच नये. कंटाळा आला म्हणून परदेशी पक्षी खिडकीतून सोडणारेही असतात, त्यांना वरचं एको पोपटाचं उदाहरण द्या.

---

घोडबंदर_पक्षीगट

सगळ्यांचे मनापासून आभार. वृक्ष विभाग आणि परिक्षेत्र कार्यालयाची पत्रं आज लिहून झालीत, उद्या देतोय. पेव्हर ब्लॉक काढायला कमिटी तयार आहे. सहा पेट्या ऑक्टोबरसाठी, पाच हजार बाहेर, बाकी झाडकाम करणाऱ्याला.

शेवटचा प्रश्न: दरवर्षी पोपट वाढले की घटले ते कसं मोजायचं? दिवसा तेच तेच पुन्हा मोजले जातात.

---

ढोली_वाचवा

दिवसा मोजूच नका, रातथाऱ्यावर मोजा. पोपट संध्याकाळी ठरलेल्या झाडांवर एकत्र येतात. सूर्यास्ताआधी एक तास पोचायचं, अंधार पडेपर्यंत थांबायचं. चार जण, चार दिशा. प्रत्येकानं फक्त आपल्या दिशेनं आत येणारे मोजायचे, उडून परत बाहेर गेलेले वजा करायचे. दर दहा मिनिटांनी आकडा कागदावर. थवा मोठा असेल तर आधी दहा मोजून तेवढा पट्टा डोळ्यांत धरायचा आणि मग तो किती वेळा बसतो ते बघायचं. पहाडीचा आवाज जास्त भरडा आणि खोल असतो, त्यांची नोंद वेगळी ठेवा. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच चौघांनी. पावसाळी संध्याकाळ आणि फटाक्यांचे दिवस सोडून द्या. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षीगणनेचे चार दिवस असतात. त्यातली एक संध्याकाळ यासाठी ठेवलीत तर दर वर्षाचा आकडा साधारण त्याच सुमाराचा मिळेल. फक्त ईबर्डवर रातथाऱ्याची नेमकी जागा टाकू नका, जाळं लावणारे तिथेही पोचतात.